सोलरसाठी सरकारी पैसा मिळतो का? मिळतो, पण तो कशावर सुटतो ते आधी बघा

तुमचा प्रश्न लांबलचक होता, वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. म्हसवडजवळ सामाईक आठ एकर माळ आहे, सबस्टेशन तीन किलोमीटरवर. एक कंपनीवाला सौर प्रकल्पासाठी जमीन भाड्यानं मागतोय, धाकटा भाऊ म्हणतो कंपनीला कशाला, केंद्राच्या कुसुम या सौर योजनेतनं आपलाच एक मेगावॉट टाकू, सरकार सबसिडी देतंय, चुलते म्हणतात सौर पंप घ्या आणि डाळिंब लावा. मेव्हण्याची कुपवाडला फाउंड्री आहे, त्याला काही मिळतं का. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की हा सगळा पैसा येतो कुठून आणि यानं हवामानाला खरंच काही फरक पडतो का.

मी बावीस वर्षं बँकेत शेती आणि छोट्या उद्योगांची कर्जं बघितली, विटा, आटपाडी, मग मिरज, आणि आता आठ वर्षं सांगलीत सोलरच्या आणि ऊर्जाबचतीच्या कर्जाच्या फाईली करतोय. एवढ्या वर्षात एकच गोष्ट पक्की कळली. सबसिडी किती टक्के हा प्रश्न दुसरा, पहिला प्रश्न हा की पैसा कशावर सुटतो. वस्तू बसवली की सुटतो, का ती वस्तू चालली की सुटतो, आणि सुटला की कुणाच्या खात्यावर जातो. हे तीन कळले की निम्मी फसवणूक तिथंच थांबते.

हे मला पहिल्यांदा गोबरगॅसनं शिकवलं. केंद्राचा बायोगॅसचा कार्यक्रम १९८१-८२ पासून चालू आहे, आमच्या शाखेत त्याच्या फाईलींचा गठ्ठा असायचा, कर्ज आमचं आणि अनुदान सरकारचं. एकदा वसुलीला विट्याच्या पुढं एका वस्तीवर गेलो तर गोबरगॅसची लोखंडी टाकी एका बाजूला कललेली, कडेला गंज खाऊन बोट जाईल एवढं भोक, आतलं शेण वाळून त्याला भेगा पडलेल्या. घरातली माऊली शेजारीच चुलीवर भाकरी थापत होती, डोळ्याला पदर लावत. म्हशी दोन वर्षांपूर्वीच विकलेल्या. माझ्या रजिस्टरला मात्र ते युनिट 'पूर्ण', कारण बांधकाम झालं, फोटो लागला, अनुदान जमा झालं. पुढं गॅस निघतो का हे विचारायला कुठल्याच कागदावर रकाना नव्हता. त्या दिवशी मला स्वतःचीच फाईल बघून वाईट वाटलं होतं, आजही वाटतं.

याचंच मोठं रूप बघायचं असेल तर साताऱ्याहून ठोसेघरच्या रस्त्यानं चाळकेवाडीला जा, आणि तसंच पुढं पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर. त्या पवनचक्क्या नव्वदच्या दशकापासून उभ्या राहत गेल्या, आणि त्यामागं सरकारी पैसा होता पण तो सबसिडी म्हणून दिसत नव्हता, तो आयकरात होता. पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा, म्हणजे झिजेपोटी उत्पन्नातनं वजा होणारी रक्कम, धरता यायचा, नंतर तो ८० टक्के झाला. म्हणजे ज्याचा कापडाचा नाहीतर औषधांचा धंदा जोरात आहे त्यानं ३१ मार्चच्या आत एक पवनचक्की घ्यायची आणि त्या वर्षीचा टॅक्स वाचवायचा. सरकारच्या तिजोरीत न आलेला पैसा हाही सरकारी पैसाच, हे लोक विसरतात. यानं पठारावर चक्क्या झपाट्यानं उभ्या राहिल्या हे खरं, आणि वाऱ्याची वीज या देशात होऊ शकते हे सिद्ध झालं हेही खरं, त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे. पण फायदा उभारणीवर होता, युनिटवर नव्हता. मग चक्की वर्षाला किती युनिट देते याची घाई मालकाला कशाला असेल. हे सरकारच्याही लक्षात आलं आणि २००९ मध्ये तयार झालेल्या युनिटमागं ५० पैसे देणारी योजना आली, मेगावॉटला ६२ लाखांची मर्यादा घालून. मग २०१२ मध्ये घसारा ८० वरनं १५ वर आणला, त्याच सुमारास युनिटमागचे पैसेही थांबले, तर नव्या चक्क्यांचं काम धाडकन खाली आलं. २०१४ ला पुन्हा ८० केला, २०१७ पासून ४०. जे लोक या धंद्यात होते त्यांना विचारा, दर किती यापेक्षा असा दर दोन वर्षांनी हलणारा नियम जास्त मारतो. कर्ज दहा-बारा वर्षांचं आणि धोरण दोन वर्षांचं, बँक पैसे कशी देणार?

आता तुमच्या भावाचा एक मेगावॉट. पीएम-कुसुमचे तीन भाग आहेत आणि गावात तिन्हीला नुसतं 'कुसुम' म्हणतात, तिथंच घोळ होतो. ब भाग म्हणजे स्वतंत्र सौर पंप, क भाग म्हणजे आहे त्या कृषी पंपांचं नाहीतर अख्ख्या फीडरचं, म्हणजे सबस्टेशनमधनं निघणाऱ्या वीजवाहिनीचं, सौरीकरण, आणि अ भाग म्हणजे शेतकऱ्यानं पडीक जमिनीवर ५०० किलोवॉट ते २ मेगावॉटचा प्रकल्प टाकून वीज महावितरणला विकायची. भावाला सांगा, अ भागात प्रकल्प उभारायला शेतकऱ्याला भांडवली सबसिडी नाही. केंद्र पैसे देतं ते वीज कंपनीला, युनिटमागं ४० पैसे किंवा मेगावॉटला वर्षाला ६ लाख ६० हजार, यातलं जे कमी ते, पाच वर्षं. तुम्हाला मिळतो तो पंचवीस वर्षांचा वीजखरेदी करार. जो एजंट तुम्हाला 'एक मेगावॉटला साठ टक्के सबसिडी' म्हणतोय तो पंपाचा आकडा प्रकल्पाला चिकटवतोय, त्याला एक रुपयाही ॲडव्हान्स देऊ नका.

हिशोब करून बघा. एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतं आणि आपल्या भागात वर्षाला साधारण १५-१६ लाख युनिट निघतात. युनिट १६ लाख आणि दर तीन रुपयांच्या आसपास धरा, म्हणजे वर्षाला ४८ लाख. खर्च चार कोटी धरला तर बँक २ कोटी ८० लाख देणार, उरलेले १ कोटी २० लाख घरचे. दहा टक्क्यानं बारा वर्षांचा हप्ता वर्षाला ४१ लाखांच्या घरात जातो. पॅनल धुणं, राखणदार, इन्शुरन्स, इन्व्हर्टरची दुरुस्ती यात चार-पाच लाख. हातात राहिले दोन-तीन लाख, आणि तेही सबस्टेशन दुपारी बंद पडलं नाही तर, लाईनच्या तारा कोणी तोडून नेल्या नाहीत तर, आणि बिल वेळेवर निघालं तर. तीन किलोमीटरच्या लाईनचा खर्च मी यात अजून धरलेलाच नाही.

एक मदत मात्र खरी आहे, कृषी पायाभूत सुविधा निधी, २०२० चा. यात दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजाची सवलत सात वर्षं मिळते आणि २०२४ मध्ये कुसुमचा अ भाग यात जोडला गेलाय. दोन कोटीवर ३ टक्के म्हणजे पहिल्या वर्षी ६ लाख. वर हिशोबात उरलेले दोन-तीन लाख होते ते आठ-नऊ होतात, म्हणजे श्वास घ्यायला जागा मिळते. ही सवलत मला आवडते कारण ती कर्ज चालू असेल, खातं थकून एनपीएत गेलं नसेल तरच मिळत राहते, एकदा घेऊन मोकळं होता येत नाही. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ वरनं ५ टक्के झालाय, कोटेशन जुनं असेल तर नवं मागा, बरेच जण अजून जुनाच आकडा पुढं करतात.

म्हणजे तेराव्या वर्षापासून प्रकल्प खरा कमावणार, तेव्हा वर्षाला चाळीस लाखांच्या वर. तुमच्याकडं सव्वा कोटी असे आहेत का जे बारा वर्षं अडकले तरी घर चालेल? असतील तर भाऊ बरोबर आहे. सोनं, रान गहाण टाकून ते उभे करणार असाल तर मी फाईल करून देणार नाही, माझी फी गेली तरी चालेल.

आता कंपनीवाल्याचं भाडं. हे येतं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतनं. पहिली योजना २०१७ ची, राळेगणसिद्धीला सुरुवात झाली, आणि २०२३ मध्ये तिची २.० आली. यात कृषी फीडर दिवसा सौर विजेवर चालवायचे म्हणून सबस्टेशनजवळ प्रकल्प टाकतात, आणि जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, दरवर्षी ३ टक्के वाढ, असा सरकारी दर आहे. एकरी ५० हजार. पाच एकराला अडीच लाख. वरचा हिशोब आठवा, सव्वा कोटी घालून पहिली बारा वर्षं जेवढं उरतं, सवलत सोडली तर जवळजवळ तेवढंच इथं काही न घालता मिळतं. माण तालुक्याच्या माळावर ज्वारी-मटकी करून एकरी पन्नास हजार निव्वळ कोण काढतंय? म्हणून तुमच्यासारख्यांना माझं मत भाड्याच्या बाजूनं आहे, निदान पाच एकराला. पण कराराच्या मसुद्यात चार गोष्टी वाचा. भाडं सुरू कधी होणार, सहीच्या दिवसापासून का प्रकल्प चालू झाल्यापासून, कारण दोन्हीमध्ये दीड-दोन वर्षं सहज जातात. प्रकल्प झालाच नाही तर सातबाऱ्यावरचा बोजा कोण उतरवणार. कंपनीनं प्रकल्प दुसऱ्याला विकला तर भाडं कोण देणार. आणि मुदत संपल्यावर पॅनल आणि काँक्रीटचे पाय उपसून रान कोण मोकळं करून देणार. उरलेल्या तीन एकराला जायला वाट राहते का तेही नकाशावर बघा. ग्रामपंचायतीलाही यात वर्षाला ५ लाख असे तीन वर्षं मिळतात, तुमच्या सरपंचांना हे माहीत आहे का विचारा, बऱ्याच ठिकाणी ठराव देतात पण हे मागायचं राहून जातं.

सरकार हे का करतंय तेही समजून घ्या. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून मोफत वीज आहे, ४४ लाख पंप, वर्षाला १४ हजार ७६० कोटींचा भार. शेतीपर्यंत वीज पोचवायला जो खर्च येतो त्याच्या निम्म्याहूनही कमी दरात गावाजवळची सौर वीज मिळते. म्हणजे दरवर्षी जळून जाणारी सबसिडी एकदाच भांडवलात घालून तो भार कमी करायचा. केंद्र फीडरच्या सौरीकरणाला मेगावॉटला १ कोटी ५ लाखांपर्यंत देतं ते याच गणितावर. आपल्या सांगलीत ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्याचं ८१-१९ सगळ्यांना पाठ आहे, विजेच्या बिलाचे ८१ टक्के सरकार आणि १९ टक्के शेतकरी. म्हैसाळ योजनेसाठी जत तालुक्यात सौर प्रकल्प करायचा, त्याला जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी बँकेचं कर्ज घ्यायचं, दीड हजार कोटींच्या वरचं काम, ते ठरलं ते यासाठीच. तिथल्या सरकारी बँकेचा पैसा जतच्या उन्हावर आणि कृष्णेच्या पाण्यावर लागतोय, मला यात खरंच समाधान वाटतं, कारण त्या तालुक्यानं टँकरसाठी फार वाट बघितलीय.

चुलत्यांचा सौर पंप. त्यांच्या विहिरीला आधीच लाईटचं कनेक्शन असेल तर विषय तिथंच संपला, 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना कनेक्शन नसलेल्यांना आहे. नसेल तर चांगली योजना आहे, सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के भरायचे. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५, त्याच्यावर साडेसात. पण मघाचीच गोष्ट, इथं पैसा बसवण्यावर सुटतो. मागच्या उन्हाळ्यात आटपाडीकडं एका ओळखीच्या शेतकऱ्याचा फोन आला, मी गेलो. पॅनल चकाचक, स्ट्रक्चर मजबूत, बोअरच्या तोंडाशी मात्र पाइप कोरडा. कंट्रोलरच्या छोट्या पडद्यावर एक आकडा येऊन जात होता, लाल दिवा लुकलुकत होता, आणि बसवणाऱ्याच्या माणसाचा फोन बावीस दिवस लागत नव्हता. डाळिंबाचा बहार धरलेला, कळ्या गळून बुंध्याशी सडा पडलेला. शेतकरी त्या कळ्या मुठीत घेऊन उभा होता, बोलत काहीच नव्हता. पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारी आणि विमा योजनेतच आहे, तरी हे झालं. आम्ही लेखी तक्रार केली, पोच घेतली, मग आठ दिवसात कंट्रोलर बदलला, पण बहार गेला तो गेला.

म्हणून पुरवठादार यादीतनं निवडायचा हक्क तुमचा आहे तो मोबाईलवर घाईत वापरू नका. शेजारच्या दोन-चार गावात ज्याचे पंप दोन वर्षांपूर्वी बसलेत त्या शेतकऱ्यांना जाऊन विचारा, कंट्रोलर गेला तर किती दिवसात माणूस आला. आणि बोअरची खोली खरी सांगा. कमी सांगून अर्ज बसवला की पंप कमी हेडचा, म्हणजे कमी उंचीवर पाणी चढवणारा, येतो आणि सकाळ-संध्याकाळ पाणीच चढत नाही, मग 'सोलर चालत नाही' म्हणून बोंब. वर्षातले निम्मे दिवस पंप बंदच असतो, त्या विजेवर कडबाकुट्टी, पिठाची चक्की चालेल असा कंट्रोलर येतो, तो मिळत असेल तर तोच मागा.

एक भीती मात्र बोलून दाखवतो. दिवसा फुकट चालणारी मोटार कोणी बंद करत नाही. माण, आटपाडी, जतचं भूजल आधीच खाली गेलंय. ठिबकशिवाय सौर पंप देऊच नये असं माझं ठाम मत आहे, योजनेत सक्ती असो नसो तुम्ही करा.

मेव्हण्याला सांगा, फाउंड्रीसाठी वेगळं दार आहे. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची ॲडीटी नावाची योजना २०२५ मध्ये आली, एक हजार कोटींची, त्यात फाउंड्री हा उद्योग नावानिशी आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला कर्जावर ५ टक्के व्याज सवलत, मध्यमला ३. यात आधी ऊर्जा ऑडिट, मग मशीन, मग पुन्हा मोजणी, आणि निदान १० टक्के बचत दाखवावी लागते. म्हणजे पैसा चालण्यावर, बसवण्यावर नाही. असंच पाहिजे. पण त्याला म्हणावं भट्टी बदलायच्या आधी शॉपमधनं एक चक्कर मार, कॉम्प्रेसरच्या लाईनची गळती कानानं ऐकू येते रविवारी मशीन बंद असताना, आणि इंडक्शन फर्नेसचं झाकण वितळत असताना उघडं राहतं का ते बघ. या दोन्हीला कर्ज लागत नाही.

घरावर सोलर हवं असेल तर पीएम सूर्यघरमध्ये ३ किलोवॉटला ७८ हजार मिळतात, प्रकल्प चालू होऊन तपासणी झाल्यावर तुमच्या खात्यावर, भारतीय बनावटीचेच पॅनल पाहिजेत. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली, एकदा जाऊन या, वाचण्यापेक्षा बघितलेलं बरं.

पैसा येतो कुठून? आपल्याच खिशातनं, पण वाटा वेगळ्या. २०१० मध्ये कोळशावर टनाला ५० रुपये उपकर लावला, तो वाढत २०१६ मध्ये ४०० झाला, त्यातनं स्वच्छ ऊर्जेसाठी राष्ट्रीय निधी केला होता. कल्पना फार चांगली होती, धूर करणाऱ्याकडनं घ्यायचं आणि उन्हावर लावायचं. पण त्यातला मोठा हिस्सा त्या कामाला लागलाच नाही, आणि २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तो उपकर राज्यांच्या भरपाईकडं वळला. मला याची आजही हळहळ वाटते. २०२३ मध्ये केंद्रानं पहिल्यांदा हरित रोखे काढले, १६ हजार कोटींचे, म्हणजे ठराविक हरित कामांसाठीच उचललेलं कर्ज. बाकी इरेडा, नाबार्ड, सिडबी या संस्था स्वस्त पैसा आणून बँकांमार्फत खाली सोडतात. खाली येईपर्यंत तो स्वस्त राहतो का हे शाखेतल्या साहेबावर अवलंबून, मी ती खुर्ची बघितलीय, त्याला योजनेचं परिपत्रक छापून तुम्हीच नेऊन द्या, राग मानत नाही.

हवामानाला फरक पडतो का, तर आपल्या ग्रीडच्या एका युनिटमागं साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तुमच्या माळावरच्या एका मेगावॉटनं वर्षाला अकराशे टनांच्या आसपास वाचतो, पंचवीस वर्षं. पॅनल चालले तर.

आता उद्या काय करायचं. सबस्टेशनला जा, तुमच्या फीडरचं नाव आणि तिथं अजून किती मेगावॉटची जागा शिल्लक आहे ते विचारा, जागा नसेल तर बाकी सगळी चर्चा फुकट. मग तलाठ्याकडनं ताजा सातबारा काढा आणि त्यावरची नावं नीट वाचा. जमीन सामाईक म्हणता, आजोबांच्या वारसात आत्यांची नावं असतीलच. मागं एका फाईलला सगळं जमलं होतं, कंपनी, बँक, जागा, आणि एका आत्याला कुणी विचारलंच नाही म्हणून दोन वर्षं प्रकरण अडकलं. ती म्हणत होती सही देते, पण मला माहेरी बोलवून चहा पाजून विचारा तरी. तुम्ही कंपनीवाल्याला फोन करायच्या आधी आत्यांकडं जाऊन या, आणि भाड्यातला त्यांचा वाटा किती हे करारातच लिहा.